पिशवी हलकी झाली

६ फेब्रुवारी

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. तू रागावलीस की पत्रात अक्षर मोठं काढतेस आणि मला ते पाकिटावरूनच कळतं. तुझ्या कानाचं काय? डॉक्टरांनी दिलेलं यंत्र लावतेस, की डबीत घालून कपाटात ठेवून दिलंस? सारी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये कानाला हेडफोन लावून केलीस आणि आता तुलाच टेलिफोनवरचं धड ऐकू येत नाही. पण त्यामुळे आपली पत्रं चालू आहेत, म्हणून मी फारशी हळहळत नाही.

आता नवी बातमी. तुझ्या जावयाने मला स्मार्टफोन आणून दिला! माझी कामाची पिशवी तुला माहीत आहे. जुन्या इमारती तपासायच्या, भिंतीला तडा कुठे गेलाय, छताला ओल कुठवर आलीय ते बघून अहवाल लिहायचा, म्हणजे कॅमेरा हवा, टॉर्च हवा, जागेवर बोलून ठेवायला छोटा टेपरेकॉर्डर हवा, कॅल्क्युलेटर हवा, जमीन तिरकी झाली का ते बघायची लेव्हल हवी, पत्ता शोधायला शहराचा नकाशा हवा. शिवाय माझा बटणांचा फोन. घरी येईस्तोवर खांदा भरून यायचा. आता हे सगळं हाताच्या पंजाएवढ्या एका वस्तूत आलं. लेव्हलसुद्धा! फोन आडवा ठेवला की पडद्यावर बुडबुडा हलतो. मी पहिल्या दिवशी घरातली सगळी टेबलं तपासली. एकही सरळ नाही.

दिवसभर मालाचे ट्रक कुठे पोचले ते पडद्यावर बघत बसायचं ही त्याची नोकरी, तेव्हा असल्या गोष्टी त्याला हातचा मळ. रविवारची सगळी दुपार बसून त्याने फोन लावून दिला. मी आंघोळ करून बाहेर आले तर फळी रिकामी. कॅमेरा, टेपरेकॉर्डर, टॉर्च, गजराचं घड्याळ, सगळं खोक्यात भरून त्याने ऑफिसातल्या कुणाला तरी देऊन टाकायला काढलं होतं. कॅमेरा माझ्या पहिल्या पगाराचा होता, त्यामुळे जरा चुकल्यासारखं वाटलं. पण तो म्हणाला की उगाच धूळ खात पडेल. खरंच आहे ते. आता सकाळी गजराऐवजी फोनमधली पाखरं ओरडतात आणि मी दचकून उठते.

तब्येतीला जप. यंत्र लाव. आणि माझ्यावरची माया आहे तेवढीच ठेव, कमी करू नकोस.

तुझी,
खार


१३ फेब्रुवारी

चि. खारीस,
अनेक उ. आ.

यंत्र डबीत आहे. ते लावलं की खालच्या बेकरीतला पंखा कानात घरघरतो, मग मी काढून ठेवते. तुला ही चौकशी कुणी करायला सांगितली?

तुझ्या फोनचं वाचून बरं वाटलं. खांद्याला आराम मिळाला हे उत्तमच. तुझी आई गेल्यावर तू माझ्याकडे आलीस तेव्हाही दप्तरात अख्खं घर कोंबून आली होतीस. पिशवी भरायची खोड जुनी आहे तुझी, म्हणून तर खार नाव पडलं.

पण मी एक्स्चेंजमधली बाई. कुणी दोघं बोलताना दिसली की मला वाटतं, मधे कोण बसलंय? आम्ही बसायचो. ऐकायचं नाही असा नियम होता आणि आम्ही सगळ्याजणी ऐकायचो. कुणाचं लग्न मोडतंय, कोण कुणाला फसवतंय, सगळं आम्हाला आधी कळायचं. रस्त्यात ती माणसं भेटली की त्यांच्याकडे बघवत नसे. तुझ्या या नव्या वस्तूत मधे कोण बसतं, ते मला कुणीतरी समजावून सांगा.

आणखी एक. कॅमेरा तू देऊन टाकला असतास तर मी काही बोलले नसते. तू आंघोळीला गेलेली असताना तो गेला, हे मला खुपतंय. मागून घे परत. आता तू म्हणशील, मावशीने लग्न केलं नाही, तिला संसारातलं काय कळणार. म्हण.

इकडची काळजी नको. तुझी पत्रं येत राहू देत, मला तेवढं पुरतं.

तुझी,
मावशी


२ मार्च

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला मी हसले होते, हे आधी सांगते. आता हसू येत नाहीये. कदाचित माझंच डोकं फिरलं असेल, तसं असेल तर तू स्पष्ट लिही.

आमच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई तुला माहीत आहेत, माझ्या साहेब. उंचीने माझ्या खांद्याला लागतात तरी सगळे त्यांना मोठ्या बाईच म्हणतात. त्यांच्याबरोबर मी एक दिवस पुलापलीकडे जेवायला गेले. संध्याकाळी तुझ्या जावयाने विचारलं की पुलापलीकडचं सूप कसं होतं. मी सांगितलं नव्हतं. म्हटलं, कुणीतरी बघितलं असेल. मग एकदा बसची वाट बघत बुटांच्या दुकानासमोर उभी होते, तर घरी आल्यावर हा म्हणाला की आवडले असतील तर घेऊन टाक ना. तेव्हाही मी मनाची समजूत काढली. नवरा आहे, काळजी करतो.

पण परवाचं ऐक. पाडायच्या एका इमारतीत एक म्हातारे गृहस्थ अजून राहतात. मी त्यांच्या खोलीत तुळईचा तडा बघत होते, फोनवर बोलून नोंद करत होते, आणि ते अचानक रडायला लागले. बायको याच खोलीत गेली म्हणाले. मी त्यांच्याजवळ बसले, फोन बंद करायचं भान राहिलं नाही. हे मी कुणालाच सांगितलं नाही, सांगण्यासारखं नव्हतं. जेवताना हा शांतपणे म्हणाला की असल्या म्हाताऱ्यांना एवढा वेळ देऊ नकोस, रडून कामं करून घेतात लोक. घास तोंडातच राहिला माझा. तुला कसं कळलं म्हणून विचारलं तर हसला आणि म्हणाला, तू झोपेत बोलतेस.

मावशी, मी झोपेत बोलते का गं? लहानपणी बोलायचे का? आठवून लिही.

त्याने कधी हात उगारला नाही, आवाजसुद्धा चढवत नाही, हे तुला माहीत आहे. सकाळी माझी पाण्याची बाटलीही तोच भरून देतो. फक्त यायला जरा उशीर झाला की फोन करतो, काही विचारत नाही, सगळं ठीक ना एवढंच म्हणतो. आणि मी धावतपळत घरी येते. कशाला घाबरून, ते सांगता येत नाही.

लवकर लिही.

तुझी,
खार


८ मार्च

चि. खारीस,
अनेक उ. आ.

तू झोपेत कधीही बोलली नाहीस. उशाशी ढोल वाजवले तरी जागी होत नव्हतीस. शेजारच्या खोलीला आग लागली होती तेव्हा तुला उचलून खाली न्यावं लागलं आणि रस्त्यावरही तू झोपलेलीच होतीस. तेव्हा ते डोक्यातून काढ. तुझं डोकं फिरलेलं नाही. ही ओळ पुन्हा वाच.

हे पत्र मी तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर धाडते आहे, यापुढेही तिथेच धाडीन. तूही तिथूनच लिही. पत्रं घरी नेऊ नकोस. त्यांचे फोटो काढू नकोस.

आमच्याकडे एक मुलगी लोकांचं बोलणं ऐकून बाहेर पोचवते असा संशय होता. आमच्या वरच्या बाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी तिच्या लाइनवर एक खोटीच बातमी सोडली आणि ती कुठून बाहेर येते ते बघत बसल्या. तू तेच कर. आजूबाजूला चिटपाखरू नसताना त्या फोनजवळ काहीतरी खोटं बोल. दुसरीकडून कळणारच नाही असं. पण त्याला राग येईल असं काही नको. साधंच काहीतरी. नंतर कुणाशी त्याबद्दल अवाक्षर काढू नकोस.

आणि काही बाहेर आलं, तर तुला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस. हे मी उगाच लिहीत नाही. मला भीती वाटते आहे, खारी. आवाज न चढवणाऱ्या माणसांची लाइनवर मला जास्त भीती वाटायची.

देव करो आणि मी खोटी ठरो. ठरले तर हवी तेवढी चिडव मला.

तुझी,
मावशी


२० मार्च

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

तू खोटी ठरली नाहीस.

एका रिकाम्या इमारतीत गेले होते. रखवालदाराने बाहेरून कुलूप लावून घेतलं होतं, आत मी एकटी. जिन्यात उभी राहून, कामाच्या आवाजात फोनवर बोलले, की पायरीची कड तुटलेली आहे, माझा डावा पाय मुरगळला आणि घोट्याला सूज येते आहे. मग फोन खिशात टाकला आणि काम पुरं केलं. ऑफिसात कुणाला काही बोलले नाही. मोठ्या बाईंनासुद्धा नाही.

संध्याकाळी तो नेहमीपेक्षा लवकर आला. मी टेबलाशी बसून कांदा चिरत होते. त्याच्या हातात औषधाच्या दुकानातली पिशवी होती. पायाला गुंडाळायचं बँडेज, मलम आणि बर्फाची पिशवी त्याने माझ्यासमोर एकेक करून मांडलं, किती दुखतंय म्हणून विचारलं आणि खाली जमिनीवर बसून पाय मांडीवर ठेव म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर खरीच काळजी होती. त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. तो ओरडला असता तर मीही ओरडले असते. मी टेबलाचा आधार घेऊन उठले आणि त्याच्यापाशी लंगडत गेले. मावशी, मी लंगडत गेले! त्याने अगदी हळुवारपणे बँडेज गुंडाळलं. कसं कळलं असं मी विचारलं नाही. तोच म्हणाला की ऑफिसात फोन केला होता, तिथे सांगितलं. दुसऱ्या दिवशी मी टेलिफोनवर बसणाऱ्या मुलीला सहज विचारलं. त्याचा फोन आलाच नव्हता.

तेव्हापासून मी लंगडते आहे. ऑफिसात सरळ चालते, आमच्या गल्लीच्या वळणावर आले की सुरू करते. घरात स्वयंपाक करताना, कपडे वाळत घालताना, न्हाणीघरात जातानाही. परवा दार उघडायला उठले आणि चुकून उजव्या पायाने लंगडले. तो सोफ्यावर बसून माझ्या पायाकडे बघत होता. थोडा वेळ बघितलं आणि गालातल्या गालात हसला.

आता मला कुठल्याच खोलीत मोकळेपणाने बोलता येत नाही. फोन दुसऱ्या खोलीत असला तरी मी दबक्या आवाजात खोकते. फोटो, नोंदी, मी कुठे जाते, कुणाशी बोलते, सगळं त्या एका वस्तूत आहे आणि ती वस्तू मीच रोज उशाशी ठेवून झोपते. झोपते म्हणजे पडून राहते. पाखरं ओरडेपर्यंत.

काय करू सांग. तुझाच आधार आहे.

तुझी,
खार


२४ मार्च

ती. स्व. मावशींस,
सा. न. वि. वि.

आपली प्रकृती उत्तम असेल अशी आशा आहे. मी सहसा पत्र लिहीत नाही, पण आपल्याला फोनवर ऐकू येत नाही म्हणून हा खटाटोप.

आपल्या भाचीबद्दल थोडं मन मोकळं करायचं होतं. हल्ली ती फार विसरभोळी झाली आहे. घाबरीघुबरी असते, साध्या प्रश्नावर दचकते. मध्यंतरी तिने पाय मुरगळल्याचं सोंग केलं. मी काही बोललो नाही, कारण ती दमली आहे हे मला दिसतं. तिची साहेब तिला नको तेवढं राबवते आणि नको ते शिकवते. ऑफिसजवळच्या टपालपेटीपाशी ती हल्ली बराच वेळ उभी असते. कुणाला लिहिते हे मी विचारत नाही. आपल्यालाच लिहीत असेल तर मला आनंदच आहे. फक्त तिच्या भलत्यासलत्या कल्पनांना आपण खतपाणी घालणार नाही, एवढी खात्री असावी असं वाटतं. आपण वडीलधाऱ्या आहात.

आपल्यालाही एक स्मार्टफोन घेऊन द्यावा असा विचार आहे. ऐकू आलं नाही तरी पडद्यावर अक्षरं उमटतात. तो जुना काळा टेलिफोन, रेडिओ, घड्याळ, कशाचीच मग गरज राहणार नाही. मी स्वतः येऊन सगळं बसवून देईन. आपण एकट्या असता, दार कुणी वाजवलं तर आपल्याला कळतही नाही, याची मला काळजी वाटते.

कृपा असू द्यावी.

आपला,
जावई


२७ मार्च

चि. खारीस,
अनेक उ. आ.

त्याचं मला पत्र आलं. गोड आहे. वाचून झाल्यावर मी दाराची कडी लावली आणि मग ती लागली का ते पुन्हा जाऊन बघितलं.

पाय खोटा होता हे त्याला माहीत आहे. टपालपेटीचंही माहीत आहे. म्हणजे तू खेळते आहेस असं तुला वाटतंय आणि तो तुला खेळवतो आहे. आता थांबू नकोस.

आज, हे पत्र वाचून झालं की फोन टेबलाच्या खणात ठेव, मोठ्या बाईंना घेऊन न्हाणीघरात जा, नळ सोड आणि सगळं सांग. लाजू नकोस. काही सांगायला नको वाटलं तर तेच आधी सांग. माझ्याकडे येऊ नकोस. मला तू इथे हवी आहेस, जेवायला दोन ताटं मांडायची इच्छा आहे, पण तो पहिला इथेच येईल. बाईंना म्हणावं, मला माहीत नसलेल्या ठिकाणी हिला पाठवा. मला माहीत नसलं म्हणजे माझ्या तोंडून निघायचं भय नाही.

फोन फोडू नकोस, बंदही करू नकोस. फोन गप्प झाला की तुझा नवरा उठून उभा राहील. रोज जिथे असायला हवा तिथेच तो पडून राहू दे, आणि तू जा.

मी एका वकीलबाईंना भेटून आले. कान धड नाही म्हणून त्यांनी सगळं कागदावर लिहून दिलं. असं करणं गुन्हा आहे म्हणाल्या. नवरा असला तरी. ही ओळही दोनदा वाच.

हे पत्र फाडून टाक. घाईने लिहिलं म्हणून अक्षर असं मोठं आलंय, रागावलेली नाही मी.

तुझी,
मावशी


११ एप्रिल

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

मी आहे. हे पत्र मोठ्या बाईंच्या मार्फत तुला मिळेल. उत्तरही त्यांच्या घरच्या पत्त्यावर पाठव. गावाचं नाव लिहीत नाही.

नळाचं पाणी वाहत होतं तोवर मी बोलत होते. मला वाटलं होतं बाई म्हणतील की एवढा सज्जन माणूस असं कसं करेल. त्यांनी फक्त विचारलं, कधी निघतेस? दोन दिवसांनी त्यांनी मला आपल्या केबिनमध्ये बोलावलं. मी फोन चार्जरला लावून त्यांच्या टेबलावर ठेवला. त्याला बोलणं ऐकू जातं की फक्त मी कुठे आहे तेवढं दिसतं, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. म्हणून बाई माझ्या रिकाम्या खुर्चीशी बोलत बसल्या. मागच्या अहवालातल्या चुकांवरून त्या खुर्चीला चांगलंच झापत होत्या. मी त्यांचा रेनकोट घालून मागच्या जिन्याने उतरले.

रस्त्यावर आले आणि तिथेच थांबले. किती वाजले ते मला माहीत नव्हतं. स्टेशन कुठल्या बाजूला तेही पटकन सुचेना, इतके दिवस फोन सांगेल तिथे वळत होते. कुणाचा नंबर पाठ नव्हता, तुझ्या काळ्या टेलिफोनचा सोडून, आणि तोच फिरवायचा नव्हता. एका बाईला वेळ विचारली तर तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. हल्ली वेळ कोण विचारतं! तिच्या हातातल्या फोनकडे बघूनच मी दोन पावलं मागे सरले.

गाडीत सगळ्यांच्या हातात फोन होते. समोरचा माणूस खिडकीतून दिसणाऱ्या तळ्याचा फोटो घ्यायला लागला तर मी रेनकोटची टोपी डोळ्यांवर ओढली. कुठेही घंटी वाजली की वाटायचं, माझ्यासाठीच आहे. उतरून फलाटावरून चालताना लोक बाजूला सरून मला वाट देत होते. का ते कळेना. मग लक्षात आलं. मी लंगडत होते. आता कुणी बघत नव्हतं, तरी डावा पाय आपोआप ओढला जात होता. मी तिथेच बाकावर बसले आणि पोटभर रडले.

बाईंची एक मैत्रीण इथे छापखाना चालवते. वरच्या मजल्यावर तिने मला खोली दिली आहे. खाली दिवसभर यंत्रं खडखडतात. मला ते बरं वाटतं, त्या आवाजात आपलं बोलणं कुणाला ऐकू जाणार नाही. पण जिन्यावर पाऊल वाजलं की मी दाराला खुर्ची लावते.

तू दार उघडू नकोस गं. कुणालाच.

तुझी,
खार


१७ एप्रिल

चि. खारीस,
अनेक उ. आ.

उघडलं. आता तो येऊन गेलाय, मी धडधाकट आहे, तेव्हा शांतपणे वाच.

रविवारी मी जिना झाडायला दार उघडलं तर समोर हा. इस्त्रीचा शर्ट, हातात खोकं. माझ्यासाठी स्मार्टफोन आणला होता. मी कान दाखवून मान हलवली, ऐकू येत नाही म्हटलं. यंत्र डबीतच होतं, पण खरं सांगायचं तर तो समोर असताना मी यंत्र लावलं असतं तरी काही ऐकू आलं नसतं, छातीच इतकी धडधडत होती. तो आत येऊन बसला. दाराजवळच्या चपला बघितल्या. हात धुवायचे म्हणून उठला आणि आतल्या खोलीत डोकावून आला. मी चहा केला. कप बशीत वाजायला लागला म्हणून टेबलावर ठेवला.

मग त्याने विचारलं. मला ओठांवरून कळलं, पण मी पुन्हा कान दाखवला. त्याने जरा मोठ्याने विचारलं. मी पुन्हा काय म्हणून विचारलं. त्याने आणखी मोठ्याने विचारलं. खारी, जन्मात आवाज न चढवलेला तो माणूस, शेवटी माझ्या तोंडापाशी येऊन असा ओरडला की ते मलाही ऐकू आलं. ती कुठे आहे! मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. म्हणाला, मला न विचारता ती एक पाऊल टाकू शकत नाही, मी तिला जमिनीखालूनही शोधून काढीन.

दार उघडंच होतं. खालचा बेकरीवाला पिठाच्या हातांनी वर आला, त्याच्यामागे त्याची बायको, समोरचं बिऱ्हाड, सगळे दारात. त्यांना बघताच हा लगेच शांत झाला. म्हणाला की मावशींना ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने बोलावं लागलं. त्यावर बेकरीवाल्याने सांगितलं की शब्दन्‌शब्द खाली भट्टीपाशी ऐकू आला. मग तुझ्या नवऱ्याने कपातला उरलेला चहा सावकाश संपवला, सगळ्यांना नमस्कार केला आणि गेला. तो चहा संपवेपर्यंतचा वेळ मी विसरणार नाही.

खोकं ठेवून गेला. ते मी हात न लावता टोपलीत घालून वकीलबाईंकडे नेलं. त्यांच्या माणसाने बघून सांगितलं की फोन आधीच लावून तयार केलेला आहे, मी कुठे जाते ते त्याला घरबसल्या दिसलं असतं. तुझा फोनही मोठ्या बाईंनी त्यांच्याकडे पोचता केला. तुझ्या सगळ्या नोंदी, सगळे फोटो आपोआप त्याच्याकडे जात होते. बेकरीवाला आणि त्याची बायको माझ्याबरोबर पोलीस ठाण्यात आले आणि ऐकलेलं सगळं लिहून देऊन सही केली.

आता तुला न्यायाधीशांसमोर यावं लागेल. मी शेजारी बसेन, यंत्र लावून.

तुझी,
मावशी


९ जून

ती. स्व. मावशीस,
शि. सा. न. वि. वि.

सुनावणीनंतर त्या घाईत तुला धड भेटताही आलं नाही, म्हणून हे पत्र. तू माझा हात इतका घट्ट धरला होतास की संध्याकाळपर्यंत बोटं दुखत होती.

त्याला पंचवीस पावलांवर बघून मी तुझ्याकडे सरकले होते. तू ऐकलंसच, किती छान बोलत होता. काळजीपोटी केलं म्हणाला. न्यायाधीशांनी विचारलं की बायकोचं बोलणं आपल्यापर्यंत येतं हे तिला सांगितलं होतं का, तर म्हणाला की नवरा-बायकोत सांगायचं काय असतं. हे तो इतक्या सहज बोलला की क्षणभर मलाच वाटलं, खरंच, काय असतं? म्हणजे बघ. मग न्यायाधीशांनी चष्मा काढून त्याच्याकडे नुसतं बघितलं, आणि मला श्वास घेता आला. त्याने माझ्या किंवा तुझ्या जवळपास यायचं नाही, असा हुकूम झाला. पुढचा खटला चालू राहील, वर्षंही लागतील, वकीलबाई म्हणाल्या.

हुकूम कागदावर आहे. भीती काही कागद वाचत नाही. अजून इस्त्रीचा शर्ट दिसला की मी रस्ता ओलांडते. कुणी काळजीने चौकशी केली की आधी त्याच्या हातांकडे बघते. मोठ्या बाईंनी इथल्या शाखेत मला काम मिळवून दिलं आहे. कामाला फोन लागतोच, म्हणून गेल्या आठवड्यात घेतला. दुकानदार मी सगळं लावून देऊ का म्हणाला, तर मी इतक्या जोरात नको म्हटलं की तो बिचारा मागे सरकला. दोन संध्याकाळी डोकं खाजवत मीच लावला. काही चुकलं असेल. असू दे.

काल काम संपल्यावर फोन खोलीतच ठेवला आणि फिरायला बाहेर पडले. मुद्दाम. कुणाला सांगितलं नाही. डाव्या हाताच्या रस्त्याने गेले, मग मनात आलं तिथे वळले, मग आणखी एकदा, आणि थोड्या वेळाने बघते तर कुठे आले ते कळेना. एका बाजूला लाकडाच्या वखारी, दुसऱ्या बाजूला एक भिंत, आणि रस्त्यावर एक कुत्रं. जिवाचं पाणी झालं. अख्ख्या जगात मी आत्ता कुठे आहे हे कुणालाही माहीत नाही, असं मनात आलं आणि मी भिंतीला टेकले. मग तेच वाक्य पुन्हा मनात आलं. कुणालाही माहीत नाही. या खेपेला ते वेगळं वाटलं. मी तिथे बराच वेळ उभी होते. कुत्रं येऊन वास घेऊन गेलं.

वखारीतल्या माणसाला रस्ता विचारला, त्याने उलटाच सांगितला, आणखी भटकले. घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. छापखानेवाल्या बाई टेबलाशी बसून वर्तमानपत्र वाचत जेवत होत्या. मी दारातच थांबले. एवढा उशीर का, कुठे होतीस, कुणाबरोबर, सगळ्याची उत्तरं मी जिना चढताना मनात जुळवली होती. त्यांनी वर बघितलं आणि भात गरम आहे, वाढून घे म्हणाल्या. मग पुन्हा वर्तमानपत्र वाचायला लागल्या.

मी तरी उभीच होते, मावशी. पुढचा प्रश्न येईल म्हणून वाट बघत होते. तो आला नाही. मग मी वाढून घेतलं.

तुझी माया अशीच लांबवर पोचत राहो.

तुझी,
खार